जुना ॲनालॉग सिंथ: मिडी सगळ्यात शेवटी

जुन्या सिंथला (सिंथेसायझरला) मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूर कळवण्याची डिजिटल भाषा, बसवायचं ठरलं की बहुतेक लोक आधी किट मागवतात आणि मग झाकण उघडतात. क्रम नेमका उलटा हवा. हाताने वाजवताना ठीक वाटणारा सिंथ सीक्वेन्सरखाली (आपोआप सूर वाजवणाऱ्या यंत्राखाली) तासभर ठेवला की त्याचे सगळे आजार बाहेर येतात. आतल्या वीजपुरवठ्याची ५ व्होल्टची लाइन ४.७ वर आलेली असते. प्रोसेसर तेवढ्यावर कसाबसा चालत असतो आणि नव्या बोर्डाने आणखी ४० मिलिअँपिअर ओढले की तो मधूनच रीसेट होतो. एकट्याने वाजवताना १० सेंटची (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) घसरण कानाला खपून जाते, पण शेजारी डिजिटल वाद्य वाजायला लागलं की ती उघडी पडते. मग शिव्या किटला बसतात.

इथे जे लिहितो आहे ते साधारण १९७० ते १९८३ या काळातल्या यंत्रांबद्दल. जानेवारी १९८३ च्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ मिडीच्या एका केबलने जोडून दाखवले गेले. त्याआधी सूर कळवण्याच्या बाबतीत प्रत्येक कंपनीचा संसार वेगळा होता: मूगचा एस-ट्रिगर, कॉर्ग आणि यामाहाच्या काही मॉडेलांचं हर्ट्झ-प्रति-व्होल्ट, रोलंडचं डीसीबी (त्यांची स्वतःची डिजिटल जोडणी). त्यामुळे 'सिंथला मिडी कसं लावायचं' याला एक उत्तर नाही. तुमचा सिंथ स्वतःच्या कीबोर्डशी कसा बोलतो, यावर उत्तर ठरतं.

सप्लाय

प्लग लावण्यापूर्वी मागच्या पट्टीवर छापलेलं व्होल्टेज वाचा. जपानी बाजारासाठी बनलेली बरीच यंत्रं १०० व्होल्टची असतात. ती १२० व्होल्टवर चालतात, पण रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) इनपुटवर २० टक्के जास्त व्होल्टेज येतं आणि ते सगळं उष्णता बनून बाहेर पडतं. २३० वर तर ट्रान्सफॉर्मरच जातो. व्होल्टेज बदलायचा स्विच किंवा जंपर आहे का ते सर्किट डायग्राममध्ये पाहा, अंदाजाने हलवू नका.

अनेक वर्षं बंद असलेला सिंथ थेट मेन्सला लावू नये. ४० ते ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब मेन्सच्या फेज वायरमध्ये सिरीजमध्ये घाला (एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे ट्रान्सफॉर्मर वाचला.

मेन्सच्या बाजूला पिवळसर पारदर्शक आवरणाचा, आत धातूचा कागद दिसणारा एक्स२ कपॅसिटर असेल तर तो न मोजताच काढा. आवरणाला बारीक चिरा पडतात, आत ओल शिरते आणि एक दिवस तो धूर काढत फुटतो. तेवढ्याच क्षमतेचा, तेवढ्याच किंवा जास्त एसी रेटिंगचा पॉलिप्रॉपिलीन एक्स२ घाला. साधा फिल्म कपॅसिटर तिथे चालत नाही, सुरक्षेचा वर्ग एक्स२च हवा. प्लग काढल्यावरही या भागात हात घालण्याआधी मीटरने व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा.

आता सप्लायचा कनेक्टर बाकी बोर्डांपासून सोडवा आणि लाइन मोजा. बिनलोडचं १५.० व्होल्ट फारसं काही सांगत नाही, लोड लावून पाहा. १५ व्होल्टच्या लाइनला १०० ओहम, ५ वॅट (१५० मिलिअँपिअर, सव्वादोन वॅट); ५ व्होल्टच्या लाइनला १० ओहम, ५ वॅट (अर्धा अँपिअर, अडीच वॅट). रेझिस्टर चटका देण्याइतके तापतात, टेबलावर पसरू देऊ नका. ऑसिलोस्कोप रेग्युलेटरच्या इनपुटला लावलात तर मेन्सच्या दुप्पट वारंवारितेची करवतीसारखी लाट दिसेल. एक-दोन व्होल्टची लाट चालते. महत्त्वाचा असतो तिचा तळ: ७८१५ ला (+१५ व्होल्टच्या रेग्युलेटरला) आउटपुटच्या वर साधारण २ व्होल्ट तरी लागतात, म्हणजे तळ १७ च्या खाली गेला की प्रत्येक आवर्तनात क्षणभर रेग्युलेटर हात टेकतो आणि ती घरघर थेट ऑसिलेटरच्या पिचमध्ये उतरते. ही घरघर लोक ऑडिओ वायरिंगमध्ये शोधत बसतात.

मुख्य फिल्टर कपॅसिटर बदलताना १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज तेवढं किंवा एक पायरी वर, क्षमता फार तर दीडपट. 'जास्त मायक्रोफॅरड म्हणजे जास्त चांगलं' हे खरं नाही. क्षमता तिप्पट केली की स्विच लावताना डायोड ब्रिजमधून जाणारा झटकाही वाढतो, आणि जुना ब्रिज त्यासाठी बनलेला नसतो.

सरसकट सगळे कपॅसिटर बदलण्याच्या प्रथेबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक बदलाच. सिग्नलच्या वाटेवरचे मोजून खराब निघाले तरच बदला. ऑसिलेटर आणि फिल्टरमधले पॉलिस्टायरीन किंवा फिल्म कपॅसिटर बिघडले नसतील तर त्यांना हात लावू नका: ते म्हातारे होत नाहीत, त्यांच्याभोवती सगळं कॅलिब्रेशन उभं असतं, आणि पॉलिस्टायरीन सोल्डरच्या उष्णतेने वितळतो. शिवाय त्या काळातले बरेच बोर्ड एकाच बाजूला तांबं असलेले, कागदी फिनोलिकचे आहेत. दोनशे जोड उघडले तर त्यातले पाच-दहा पॅड उचलले जाणारच. नव्या दोषांची संख्या जुन्यापेक्षा जास्त होते.

टँटलमची गोष्ट वेगळी. तो बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन आख्खी लाइन खाली बसवतो. एकेक बोर्ड सोडवत लाइन आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजला की दोषी बोर्ड सापडतो. १५ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा टँटलम बसवण्याची कंजुषी पूर्वी सर्रास होई. त्या जागी ३५ व्होल्टचा घाला, किंवा जागा असेल तर साधा ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक.

रेग्युलेटर बदलताना सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक: ७८१५ आणि ७९१५ (-१५ व्होल्टचा) दिसायला सारखे, पण पायांचा क्रम वेगळा. ७८१५ मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१५ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, म्हणून ती मायका किंवा सिलिकॉनच्या चकतीशिवाय चॅसिसला स्क्रू केली की निगेटिव्ह लाइन सरळ ग्राउंडला शॉर्ट. स्क्रूला प्लास्टिकची बुशही हवी. बसवल्यावर पाठ आणि चॅसिसमध्ये मीटरने खात्री करा, मगच वीज द्या.

प्रोसेसर असलेल्या सिंथमध्ये आणखी एक भर घालण्यासारखी आहे: ५ व्होल्टच्या लाइनला क्रोबार. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर ८ ते १० व्होल्ट थेट लॉजिकवर जातात आणि न मिळणाऱ्या चिप एका झटक्यात मरतात. लाइनवर एक एससीआर (गेटला इशारा मिळताच चालू होऊन तसाच राहणारा स्विच), त्याच्या गेटला ५.६ व्होल्टचा झेनर, गेटपासून ग्राउंडला १०० ओहम. लाइन सव्वासहाच्या आसपास गेली की एससीआर चालू होऊन लाइन जमिनीला टेकवतो आणि फ्यूज उडतो. हा फ्यूज रेग्युलेटरच्या आधी असायला हवा. नसेल तर आधी तो बसवा, नाहीतर एससीआरच जळेल.

±१५ च्या जागी स्विचिंग मोड्यूल टाकण्याचा मोह आवरा. लाखो हर्ट्झची स्विचिंग ऐकू येत नाही हे खरं, पण कमी लोडवर अनेक मोड्यूल पल्स गाळत चालतात आणि तो ताल ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरतो. ५ व्होल्टचा रेग्युलेटर फारच तापत असेल तर तिथे स्विचिंग ठीक, पुढे एक इंडक्टर आणि १०० मायक्रोफॅरड घालून.

बॅटरी

पॅच साठवणाऱ्या सिंथमध्ये बोर्डावरच सोल्डर केलेली बॅटरी असते. कॉर्ग पॉलिसिक्सच्या केएलएम-३६७ बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. ती गळते, गळणारं द्रव्य अल्कली असतं, आणि ते तांब्याचे ट्रॅक हिरव्या थराखाली खाऊन टाकतं. काही पट्ट्या न वाजणं, पॅच आपोआप बदलणं, एखादा आवाज गायब होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं.

बॅटरी काढण्यापूर्वी पॅच टेपच्या जॅकमधून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घ्या: वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, आणि आवाज सुधारणारी कोणतीही प्रक्रिया बंद. एमपीथ्री करू नका. दोनदा रेकॉर्ड करा आणि सिंथच्या व्हेरिफाय फंक्शनने तपासा.

बॅटरी काढल्यावर तो भाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, म्हणजे अल्कली मारली जाते. मग शुद्ध केलेलं पाणी, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. काळा पडलेला ट्रॅक वरून अखंड दिसला तरी मोजा. हिरवा मास्क खरवडून तांबं चमकत नसेल तर तो तुकडा गेला असं धरा आणि ३० गेजच्या वायरचा जंपर टाका. जवळच्या आयसीचे सॉकेटही बदला, कारण द्रव्य पायांवरून वर चढतं.

नवीन बॅटरी म्हणून सीआर२०३२ होल्डरसकट, वायरने बोर्डापासून दूर. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती, लिथियमची नाणं-बॅटरी चार्ज करायची नसते. चार्जिंगचा रेझिस्टर काढून टाका आणि बॅटरीला सिरीजमध्ये शॉटकी डायोड घाला. डायोडनंतर २.७ व्होल्टच्या आसपास उरतात. स्टॅटिक रॅमला माहिती धरून ठेवायला साधारण २ पुरतात.

जोड, सॉकेट, चिप

विश्वासार्हतेचा निम्मा प्रश्न निव्वळ संपर्काचा असतो. बोर्डाबोर्डांमधल्या हेडर पिनांचे सोल्डर जोड वर्षानुवर्षांच्या हलण्याने गोल चिरतात. भिंगातून पाहा, जुना सोल्डर ओढून काढा आणि ६३/३७ सोल्डरने नव्याने भरा. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३४० अंशांवर, जोडाला तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. एकाच बाजूने पाय पकडणारे स्वस्त सॉकेट काढून गोल, घडीव पिनांचे बसवा. पट्ट्यांखालचे सोनेरी किंवा चांदीचे संपर्क अल्कोहोलने पुसा, सँडपेपर कधीही नाही: मुलामा निघाला की महिनाभरात पुन्हा काळे. स्लायडरला क्लीनर फवारल्यावर त्याचं वंगणही धुतलं जातं, म्हणून फेडरसाठीचं वंगण नंतर द्यावंच लागतं.

मेलेली चिप सोल्डरमधून सलग उपटायची नाही. ती मेलेलीच आहे, पाय कापा, एकेक पाय चिमट्याने काढा, भोकं साफ करा, सॉकेट लावा. सुदैवाने आज पर्याय चांगले आहेत. सीईएम ३३४० ऑसिलेटर पुन्हा बनतो आणि त्याची एएस ३३४० ही नक्कलही मिळते. एसएसएम २०४४ फिल्टरच्या जागी एसएसआय २१४४ आहे, पण पायांची रचना वेगळी, म्हणून छोटा अडॅप्टर बोर्ड लागतो. ज्युनो-१०६ च्या ८००१७ए मोड्यूलवरचं काळं एपॉक्सी कालांतराने किंचित वीजवाहक होतं. ते ॲसिटोनमध्ये बुडवून काढलं की बरीच मोड्यूल जिवंत होतात, बाकीच्यांसाठी नवे क्लोन आहेत. महागड्या चिपवर संशय घेण्याआधी तिच्या अलीकडचा ४०५१ मल्टिप्लेक्सर (एकच सिग्नल आळीपाळीने अनेक ठिकाणी वाटणारी चिप) तपासा. एका आवाजाचं एकच नियंत्रण बिघडलं असेल तर दोष बहुतेक वेळा त्याच्याकडे किंवा त्याच्या होल्ड कपॅसिटरकडे निघतो.

यानंतर कॅलिब्रेशन, आणि तेही मिडीच्या आधी. झाकण बंद ठेवून अर्धा तास तापू द्या. सप्लाय सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, कारण पुढचं सगळं त्यावर टेकलेलं आहे. मग खालचा सूर जुळवा, दोन-तीन सप्तकं वर जाऊन स्केलचा ट्रिमर फिरवा, पुन्हा खाली, पुन्हा वर. दोन्ही एकमेकांना हलवतात, त्यामुळे चार-पाच फेऱ्या लागतात. एक्स्पोनेन्शियल ट्रान्झिस्टरला बेसवर सप्तकामागे फक्त १८ मिलिव्होल्ट मिळतात आणि तो आकडा तापमानानुसार अंशाला सुमारे ०.३३ टक्के बदलतो. म्हणून तिथे +३३०० पीपीएमचा टेंपको रेझिस्टर (तापमानाबरोबर तेवढाच बदलणारा) असतो. तो ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटलेला असायला हवा. कोणीतरी दुरुस्तीत तो साध्या एक टक्क्याच्या रेझिस्टरने बदललेला असेल तर ट्रिमर कितीही फिरवा, सूर टिकणार नाही.

सीव्ही-गेटवाले सिंथ

मागे सीव्ही (सूर ठरवणारं व्होल्टेज) आणि गेट (सूर चालू-बंद करणारा सिग्नल) यांचे जॅक असतील तर आत काहीही न कापता मिडी येतं. बाहेरचा कन्व्हर्टर घ्या किंवा बनवा. बनवणार असाल तर आकडे नीट समजून घ्या.

सप्तकाला १ व्होल्ट म्हणजे सेमीटोनला ८३.३३ मिलिव्होल्ट आणि सेंटला ०.८३. एमसीपी ४८२२ हा स्वस्त १२ बिटचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) दुप्पट गेनवर एका पायरीला १ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १.२ सेंट. पूर्ण आवाका ४.०९६ व्होल्ट, चार सप्तकं. कोड लिहिताना प्रत्येक सेमीटोनला ८३ मिळवत गेलात तर एका सप्तकात ४ मिलिव्होल्टची, जवळपास ५ सेंटची चूक साचते. सुराचा क्रमांक गुणिले १००० भागिले १२ असं प्रत्येक वेळी नव्याने काढा.

पाच सप्तकं हवी असतील तर पुढे १.२५ पट गेनचा ऑप-अँप. तिथे एक टक्क्याचे रेझिस्टर टाकले तर गेन चुकतो, आणि तो एक टक्का चुकला तरी ५ व्होल्टला फरक ५० मिलिव्होल्ट, म्हणजे ६० सेंट! ०.१ टक्क्याचे, २५ पीपीएमचे रेझिस्टर आणि बारीक फरकासाठी मल्टिटर्न ट्रिमर लावा. दुसरी फसगत आउटपुटला. शॉर्टपासून बचावासाठी ऑप-अँपनंतर १ किलोओहम घालतात. समोर सिंथचं इनपुट १०० किलोओहमचं असेल तर जवळजवळ एक टक्का तिथेच गळतो: सप्तकाला १२ सेंट. फीडबॅक त्या १ किलोओहमच्या पलीकडून घेतला की प्रश्न मिटतो. मोजताना सिंथ जोडलेला ठेवा.

कॉर्ग एमएस-२० सारख्या हर्ट्झ-प्रति-व्होल्ट सिंथमध्ये व्होल्टेज दर सप्तकाला दुप्पट होतं. ८ व्होल्टचा आवाका १२ बिटांत वाटला की पायरी १.९५ मिलिव्होल्टची. ४ व्होल्टजवळ ती एक सेंटपेक्षाही लहान. ०.१२५ व्होल्टजवळ तीच पायरी २७ सेंट होते, आणि खालचे सूर उघड बेसूर ऐकू येतात. इथे १६ बिटचा डॅक लागतोच, आणि ऑप-अँपचा ऑफसेटही एक मिलिव्होल्टच्या खूप खाली हवा. १२ बिटांत भागवणारे स्वस्त कन्व्हर्टर हर्ट्झ-प्रति-व्होल्ट 'सपोर्ट' करतात असं लिहिलेलं असतं. फक्त वरची दोन सप्तकं वाजवून विकत घेऊ नका.

गेटचे प्रकार तीन. साधा व्होल्टेज गेट: रोलंड एसएच-१०१ ला ५ व्होल्ट पुरतात, एआरपीच्या सिंथना १० व्होल्टचा गेट आणि शिवाय वेगळी ट्रिगर पल्स लागते. एस-ट्रिगर म्हणजे ग्राउंडला शॉर्ट: मिनीमूग आणि एमएस-२० दोन्ही याच जातीचे, मात्र मिनीमूगचं सीव्ही सप्तकाला १ व्होल्टचंच आहे. एस-ट्रिगरसाठी एक बीसी५४७, बेसला १० किलोओहम, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर सिंथकडे. सिंथला व्होल्टेज द्यायचं नसतं, फक्त खेचायचं असतं. सूर सतत चालूच राहिला आणि पट्टी दाबल्यावर थांबला तर गेट उलटा आहे.

क्रम पाळा: आधी सीव्ही, एक मिलिसेकंदाने गेट. उलट केलंत तर प्रत्येक सुराच्या सुरुवातीला मागच्या सुराची टिचकी ऐकू येते.

कीबोर्डची मॅट्रिक्स

पॉलिफोनिक (एकाच वेळी अनेक सूर वाजवणाऱ्या) सिंथमध्ये प्रश्न अवघड होतो. ज्युनो-६० ला डीसीबी सॉकेट आहे आणि त्याला बाहेरचा कन्व्हर्टर लागतो (रोलंडने स्वतः एमडी-८ काढला होता, केंटनचा प्रो-डीसीबी आहे). पॉलिसिक्सला तसं काहीच नाही. तिथे प्रोसेसर ६१ पट्ट्या ८ गुणिले ८ च्या जाळीत वाचतो: एक गट उचलायचा, त्यातल्या पट्ट्यांची स्थिती वाचायची, पुढचा गट. आपल्या बोर्डाने त्या पट्ट्या दाबल्याचं सोंग करायचं.

सोपा वाटणारा मार्ग एमटी ८८१६ हा क्रॉसपॉइंट स्विच, ८ गुणिले १६. पत्ता द्या, ठिपका जोडला जातो. दोन खड्डे आहेत. पहिला: त्याचे एक्स पत्ते सरळ ओळीत नाहीत. एक्स५ नंतरचा पत्ता एक्स६ ला नव्हे, एक्स१२ ला जातो. एक्स६ आणि एक्स७ हे ८ आणि ९ वर मिळतात. प्रत्येक गटातल्या दोनच पट्ट्या मुक्या राहिल्या तर कारण हेच. दुसरा खड्डा खोल आहे. खऱ्या पट्टीला सिरीजमध्ये डायोड असतो. क्रॉसपॉइंट तो डायोड ओलांडून जोडतो, त्यामुळे चौकोनाचे तीन कोपरे दाबले गेले की चौथाही दाबल्यासारखा वाचला जातो आणि कॉर्डमध्ये न मागितलेला सूर घुसतो. एकसुरी सिंथला एमटी ८८१६ उत्तम, सहा आवाजांच्या सिंथला नको.

तिथे मायक्रोकंट्रोलरने स्कॅनच्या मागे धावायचं: कोणता गट उचलला आहे ते पाहायचं आणि त्या गटाच्या ओळी लगेच ओढायच्या. आधी स्कोपने पाहा, गट उचलल्यापासून वाचेपर्यंत किती वेळ आहे आणि सिग्नल वर जातो की खाली. १६ मेगाहर्ट्झचा एव्हीआर इंटरप्टमधून उत्तर द्यायला काही मायक्रोसेकंद घेतो. त्याआधी प्रोसेसरने वाचलं तर त्याला आधीच्या गटाची उत्तरं मिळतात आणि सगळे सूर नेमके ८ सेमीटोन सरकून वाजतात. असं सरकणं ऐकू आलं की वायरिंग तपासू नका, वेळ तपासा. आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरचं पीआयओ (पिना स्वतंत्रपणे हाताळणारा भाग) हे काम प्रोग्रॅमची वाट न पाहता करतं, म्हणून मी तेच सुचवेन. ते ३.३ व्होल्टचं आहे: आत येणाऱ्या ओळींना ३.३ वर चालणारा ७४एलव्हीसी२४५, बाहेर जाणाऱ्यांना बीएस१७० सारखे मॉस्फेट ओपन-ड्रेन पद्धतीने. मूळ कीबोर्ड तसाच चालू राहतो, कारण दोघंही फक्त खेचतात. जाळीत पट्टी दाबल्यावर ओळ वर जात असेल तर मॉस्फेटची ही दिशा उलटी पडते, म्हणून ते पाहणं आधी.

तयार किटमध्ये पॉलिसिक्स आणि मोनो/पॉलीसाठी टबुटेकचं मॉडीपॉली, ज्युनो-६ व ६० साठी त्यांचंच ज्युनो-६६, ज्युनो-१०६ साठी कीवी-१०६ अशी नावं आहेत. त्यांतली काही मूळ प्रोसेसरच्या जागी किंवा त्याच्यासोबत बसतात. प्रॉफेट-६०० साठी ग्लिग्ली नावाने ओळखलं जाणारं फर्मवेअर झेड८० काढून त्याच्या सॉकेटमध्ये टीन्सी++ २.० बोर्ड बसवतं. या सिंथचे एन्व्हलप मुळात सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे मिडीबरोबर एन्व्हलपही चपळ होतात. एकाच बदलात इतकं सुधारणारं दुसरं काम क्वचितच. मूळ झेड८० जपून ठेवा.

मिडीचं इनपुट आणि त्याचे हट्ट

मिडी म्हणजे ३१२५० बॉडची ५ मिलिअँपिअरची करंट लूप. एक बाइट ३२० मायक्रोसेकंद, तीन बाइटचा सूर सुमारे १ मिलिसेकंद. ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवून दोन बाजू विजेने अलग ठेवणारी चिप) म्हणून एच११एल१ घ्या: डिन सॉकेटच्या पिन ४ पासून २२० ओहम, मग ऑप्टोची पिन १, डिनची पिन ५ ऑप्टोच्या पिन २ ला, या दोन पायांवर उलटा १एन४१४८. दुसऱ्या बाजूला पिन ६ ला वीज, ५ ग्राउंड, ४ आउटपुट, त्यावर ४७० ओहमचा पुल-अप. तो ३.३ व्होल्टवरही चालतो आणि आत श्मिट ट्रिगर असल्याने कडा स्वच्छ येतात. ६एन१३८ वापरायचाच असेल तर पिन ७ पासून ग्राउंडला १० किलोओहम घाला, नाहीतर तो बंद व्हायला उशीर लावतो आणि दाट मिडीमध्ये बाइट बिघडतात.

इनपुट सॉकेटची पिन २ कुठेच जोडू नका. ती जोडली की दोन यंत्रांची ग्राउंड एकत्र येतात आणि ऑप्टोकपलर लावण्याचा हेतूच संपतो. याच कारणासाठी सिंथमध्ये थेट यूएसबी आणण्याचा मला उत्साह नाही. कॉम्प्युटरचा गोंगाट ग्राउंडमधून ऑडिओत येतो. यूएसबी हवीच तर एडीयूएम ४१६० सारखा आयसोलेटर मध्ये घाला.

फर्मवेअरमध्ये चार गोष्टी हटकून सुटतात. शून्य वेगाचा नोट-ऑन म्हणजे नोट-ऑफ. रनिंग स्टेटस, म्हणजे स्टेटस बाइट पुन्हा न पाठवता नुसता डेटा येत राहणं. घड्याळाचा बाइट आणि ॲक्टिव्ह सेन्सिंग कोणत्याही संदेशाच्या मधोमध येऊ शकतात. त्यांनी चालू संदेश मोडता कामा नये. आणि कंट्रोलर १२३, सगळे सूर बंद. अडकलेले सूर नव्वद टक्के वेळा पहिल्या तिघांपैकी एकामुळे असतात, असा माझा अंदाज आहे. मिडी घड्याळ एका क्वार्टर नोटला (साधारण एका ठोक्याला) २४ टिक देतं. आर्पेजिओच्या ट्रिगर इनपुटला दर ६ टिकांनी पल्स दिली की सोळांश नोटांची (ठोक्याला चार) चाल मिळते.

फिल्टरचा कटऑफ मिडीवरून फिरवायचा असेल तर मूळ समिंग नोडला (सगळी नियंत्रणं एकत्र येतात त्या बिंदूला) १०० किलोओहममधून नवीन सीव्ही जोडा, पॅनेलचा पॉट जसाच्या तसा राहतो. १२८ पायऱ्या दहा सप्तकांवर पसरल्या की प्रत्येक पायरी जवळपास एका सेमीटोनची. रेझोनन्स वर असताना त्या पायऱ्या जिन्यासारख्या ऐकू येतात. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडने १० मिलिसेकंदांचा गुळगुळीतपणा येतो, पण खरा उपाय १४ बिटची कंट्रोलर जोडी किंवा फर्मवेअरमध्ये मधली मूल्यं भरणं. पीडब्ल्यूएम वापरून डॅक वाचवू नका, उरलेली लाट फिल्टरमधून शिट्टीसारखी येते.

बोर्ड बसवताना त्याचं ग्राउंड थेट सप्लायच्या मुख्य ग्राउंड बिंदूला न्या, ऑडिओ बोर्डावरून उधार घेऊ नका. वीज घेताना १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड बोर्डाजवळ. डेटाच्या वायरी व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) आणि आउटपुट जॅकपासून लांब. डिन सॉकेटला साधारण १५ मिलिमीटरचं भोक लागतं. केस कापण्यापेक्षा न वापरला जाणारा जॅक काढून त्या भोकात वॉशर लावून ३.५ मिलिमीटरचा स्टिरिओ सॉकेट बसवा. टाइप ए जोडणीत टोकाला डिनची पिन ५, कड्याला पिन ४.

शेवटची चाचणी झाकण बंद करून. सगळ्या पट्ट्यांवरून वर-खाली जाणारा क्रोमॅटिक सीक्वेन्स, सोबत घड्याळ आणि कटऑफची सतत हालचाल, सलग आठ तास. अर्ध्या तासाने आणि मग चौथ्या तासाला एकच सूर ट्यूनरवर मोजा. फरक ५ सेंटच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर आधी १५ व्होल्टची लाइन गरम अवस्थेत मोजा आणि ती स्थिर निघाली तरच टेंपकोकडे वळा. काढलेले मूळ भाग आणि बदल खुणावलेला सर्किट डायग्राम एका पिशवीत घालून केसच्या आत, ट्रान्सफॉर्मरपासून दूर, चिकटवून ठेवा.